डावखुरी शिवण

या सदरात लिहिणारा प्रत्येक जण सुरुवातीलाच सांगून टाकतो की, आपला असल्या अतर्क्य गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. मलाही तेच सांगावं लागतंय, इलाज नाही. चौतीस वर्षं सरकारी खात्यात कारकुनी केली. सही-शिक्का नसलेला कागद खरा मानायचा नाही, ही सवय हाडात मुरलेली. देवळात गेलो तरी माझं अर्धं लक्ष बाहेर ठेवलेल्या चपलेवर असतं. तेव्हा हे वाचून कोणी ‘काका, डॉक्टरला दाखवा’ म्हणणार असेल तर... दाखवून झालंय. बीपी सोडून सगळं ठीक आहे.

मी नागपुरात, बेसा भागात राहतो. दुसरा मजला, दोन खोल्या, एकटाच. लग्न झालं होतं, टिकलं नाही. फोन वाजला तर बहुधा कर्ज हवंय का विचारणारी मुलगी असते, आणि खरं सांगतो, मी तिच्याशीही दोन मिनिटं जास्तच बोलतो.

छंद म्हणाल तर जुनी पोलिसी होल्स्टरं जमवतो. होल्स्टर म्हणजे कमरेला रिव्हॉल्व्हर अडकवायचं चामड्याचं म्यान. नुसतं म्यान हं, हत्यार नाही, तेव्हा काळजी नसावी. गेल्या वर्षीपर्यंत माझ्याकडे बावीस होती. ती ओळखायची कशी हे एक शास्त्रच आहे — झाकणाचा आकार, पितळी बटण, आतल्या बाजूला ठोकलेला शिक्का. नवखे लोक ‘एम.पी.’चा शिक्का पाहिला की भोपाळचा माल समजून सोडून देतात. राज्यं नव्याने आखली जाण्याआधी आपलं नागपूरच मध्य प्रदेशात होतं, हे ते विसरतात. माझी निम्मी होल्स्टरं अशीच, लोकांनी सोडलेली.

पण मी शिक्का पाहतच नाही आधी. मी शिवण पाहतो. त्याचं कारण सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझे वडील पोलिसात होते — हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना असंच, एवढंच सांगत आलो. शाळेत, ऑफिसात, सासुरवाडीलासुद्धा. ऐकणारा मनातल्या मनात खाकी वर्दी चढवायचा आणि मी ती उतरवायचो नाही. खरं म्हणजे बाबा पोलीस मुख्यालयात मोची होते. जवानांचे बूट, पट्टे आणि साहेबांची होल्स्टरं, सगळं त्यांच्याकडे दुरुस्तीला यायचं. त्यांच्या कामाची मला लाज वाटायची. आणि त्या कामावरून लोक जात ओळखतात, याची लाजेपेक्षा भीती जास्त.

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्याची सुट्टी होती. बाबा क्वार्टरच्या ओट्यावर एक होल्स्टर घेऊन बसले होते. मला हाक मारली.

“इकडं ये गा. हात पाहू तुया.” त्यांनी माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली. “बोटं लांब हायेत. जमन तुले.”

आरीने भोक कसं पाडायचं, मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया लावून दोन्हीकडून टाका कसा ओढायचा, हे त्यांनी दाखवलं. मग होल्स्टर माझ्या मांडीवर ठेवलं.

मला जमत होतं. पहिले पाच-सहा टाके इतके सरळ आले की मीच घाबरलो. जमलं तर हे मला रोज बसवतील, मित्र बघतील... म्हणून पुढचे टाके मी मुद्दाम वाकडे घातले. बाबांनी ते हातात घेऊन पाहिलं. एकेक टाका उसवला, उसवलेला दोरा डाव्या हाताला गोळा करून ठेवला आणि सगळी शिवण पुन्हा स्वतः घातली. त्यानंतर त्यांनी मला कधीही बोलावलं नाही. मी मुद्दाम केलं हे त्यांना कळलं होतं का, हे विचारायची हिंमत मला ते जाईपर्यंत झाली नाही. त्यांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली.

बाबा डावखुरे होते. उजव्या हाताने शिवणाऱ्याचे टाके एका बाजूला झुकतात, डावखुऱ्याचे उलट्या बाजूला. जवळून बघितलं की लगेच कळतं. माझं जमवणं म्हणजे तो उलटा झुकलेला टाका शोधणं होतं. अकरा वर्षं शोधत होतो. बावीस होल्स्टरांत एकही टाका त्यांचा निघाला नव्हता. त्यांनी जन्मभर शिवलं, आणि माझ्या घरात त्यांच्या हातचं काही म्हणजे काही नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीत महाल भागातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात तेविसावं होल्स्टर मिळालं. एक बाजू पूर्ण उसवलेली, मासळीच्या तोंडासारखी उघडी. दुकानदार म्हणाला, “घेऊन जा ना काका, इथं उंदीर खाऊन राहिले त्याले.”

घरी आणलं, सवयीप्रमाणे चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढले. तेच फोटो देशकर साहेबांना पाठवले. देशकर हे धरमपेठेतले रिटायर्ड इंजिनीअर, आमच्या छंदातले बुजुर्ग. नागपुरातल्या संग्रहांची ते एक यादी करताहेत. त्यांचा लगेच फोन आला, “रविवारी येतो पाहायला. तोवर हात नका लावू त्याले.”

पण मी हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की हे आपण शिवावं. कोपऱ्यावरच्या चप्पलवाल्याकडून आरी मागून आणली, सुया आणल्या. त्याच्याकडे पांढरा नायलॉनचा दोरा होता, तोच घेतला. शुक्रवारी दिवसभर बसून शिवलं. या वेळी अगदी मनापासून, जीव ओतून. आणि टाके आले वाकडेच. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हात थरथरतो, भोक एकीकडे पडतं, सुई दुसरीकडे निघते. बोटाला टोचलं ते वेगळंच. ते ध्यान टेबलावर ठेवून मी झोपलो.

शनिवारी सकाळी आठला रामटेकला गेलो. चुलतभावाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. निघताना होल्स्टर तिथंच, तसंच वाकडं, टेबलावर होतं. मी ते पाहिलं, कारण पाहून पुन्हा एकदा स्वतःवरच चिडलो. दाराला आतलं कुलूप आणि वरून बाहेरचं. चाव्यांचा एकच जुडगा आहे, तो माझ्या खिशात.

साडेपाचला परत आलो. दार उघडलं तर खोलीत मेणाचा वास. चांगला ऊन-ऊन, आत्ताच वितळवल्यासारखा. मला वाटलं शेजारी काही चाललं असेल. मग टेबलाकडे लक्ष गेलं.

होल्स्टर शिवलेलं होतं. सरळ, घट्ट, एकसारखे टाके, काळपट सुती दोऱ्याचे. असा दोरा माझ्या घरात नाही, कधीच नव्हता. माझा पांढरा दोरा उसवून, त्याचे तुकडे गोळा करून ठेवले होते. डाव्या हाताला. आणि टाके उलट्या बाजूला झुकलेले होते.

मी चष्मा पुसला. बसलो. पुन्हा पाहिलं.

शिवणीच्या अगदी टोकाला शेवटचे चार टाके मात्र पांढरे होते. माझे. वाकडे. ते उसवलेच नव्हते. काळा दोरा त्यांच्यापर्यंत येऊन थांबला होता आणि त्याचं टोक चामड्याच्या दोन थरांत नीट लपवलं होतं.

मला भीती वाटली नाही. रडू आलं. मी टेबलावर डोकं टेकून, मोठ्याने रडलो. घरात ऐकायला कोणी नव्हतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं, आणि मग तेच फार वाईटही वाटलं.

तुम्ही जे विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. झोपेत मीच केलं म्हणावं, तर सकाळी निघताना ते वाकडं होतं आणि दिवसभर मी पन्नास लोकांत पंगतीला बसलो होतो. शिवाय मी उजव्या हाताचा. जिन्यात सोसायटीचा कॅमेरा आहे. सेक्रेटरीला ‘पार्सल हरवलं’ अशी थाप मारून सकाळपासूनचं रेकॉर्डिंग पाहिलं. माझ्या दाराशी एक मांजर येऊन बसलं होतं, बाकी कोणी नाही. खिडक्यांना जाळ्या आहेत. चप्पलवाला म्हणतो, “काका, मी माझं दुकान सोडून तुमच्या घरी काहून येऊ?” तेही बरोबरच.

रविवारी देशकर साहेब आले. भिंग घेऊन खिडकीपाशी बसले, बराच वेळ.

“फोटोत तर हे उसवलेलं होतं. कोणाकडून शिवून घेतलं हो? असा हात नागपुरात कोणाचा राहिला आता?”

मी चहा ठेवायला आत गेलो. बाहेर आलो तरी ते तिथंच होते.

“डावखुरा माणूस दिसतो,” ते म्हणाले. “आणि शेवटी हे पांढरं काहून सोडलं?”

“पांढरं माझं आहे,” मी म्हटलं.

“अन् काळं?”

मी म्हटलं, “काळं माझ्या वडिलांचं.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. “तुमचे वडील इन्स्पेक्टर होते ना?”

मी असं कधी म्हटलं नव्हतं. पण ते तसं समजतात हे मला माहीत होतं.

“मोची होते. हेडक्वार्टरला. नामदेव नाव. साहेब लोकांची होल्स्टरं शिवायचे.”

एवढं बोलायला मला एकसष्ट वर्षं लागली, आणि बोलून झाल्यावर बाहेर फक्त कुकरची शिट्टी ऐकू आली. देशकर साहेब खिडकीपासून माझ्याकडे वळले.

“मग इतके वर्षं लपवून काहून राहिले होते तुम्ही? मी आयुष्यभर म्यान कोणाच्या कमरेले होतं तेच शोधत बसलो. शिवलं कोणी, हे मी एकदाही विचारलं नाही.” त्यांनी वही काढली, बाबांचं नाव लिहून घेतलं, आणि शिवणीला अंगठा लावून पाहिला. “पण एक सांगा... मेण अजून चिकट लागून राहिलं.”

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

याला वर्ष होऊन गेलं. ते होल्स्टर कपाटात आहे, पांढऱ्या टाक्यांसकट. मेण आता वाळलंय. हे कसं झालं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर कळवा, पण माझा आग्रह नाही.

मी मात्र तेव्हापासून शिवतोय. माझ्याकडची उसवलेली एकेक घेतो, दिवसभर बसतो, झालं की टेबलावर ठेवतो आणि काहीतरी काम काढून बाहेर जातो. भाजी आणतो, बँकेत उगाच पासबुक भरून येतो. परत आल्यावर दार हळूच उघडतो आणि आधी वास घेतो. शिवण जशी ठेवली तशीच असते.

पहिले काही महिने माझे टाके वाकडेच यायचे, तेव्हा निदान आशा तरी होती. आता सरळ यायला लागलेत. परवाच्या होल्स्टरला तर देशकर साहेबांनाही नावं ठेवता आली नाहीत. हात बसलाय माझा, आणि आता बाबांना यायला काही कारणच उरलेलं नाही.