पडद्याच्या उलट्या गाठी

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी चेष्टा करणाऱ्यांत बसतो. हे वाचून कोणी माझीच चेष्टा केली तरी चालेल... पण घडलं ते असं.

मी बेळगावच्या वडगावचा, विणकराचा मुलगा. यंत्रमाग अजून घरात चालतात. मी मात्र परराज्यातल्या एका दगडाच्या भूमिगत खाणीत हवेचं काम बघतो. बोगदे एवढे रुंद की दोन डंपर शेजारून जातात. त्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड कापडाचे पडदे टांगायचे, म्हणजे ताजी हवा वाटेत इकडेतिकडे न पांगता कामाच्या टोकापर्यंत पोचते.

गेल्या वर्षी सगळ्यांत मोठा पडदा मी स्वतः शिवला. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, ओढतात तसा ओढून खाली दोरांनी जखडला. एक सुरकुती नाही! साहेब बघत राहिले. विणकराचा हात आहे, उगीच नाही.

त्याच दिवशी दुपारी सुरुंग उडवायचे होते. अलीकडच्या आडोशाला आम्ही नऊ जण; पडदा फाटला तर सगळा धूर आमच्यावर येणार. शेवटची नजर टाकायला गेलो, तर खालचे सगळे दोर हातभर सैल सोडून पुन्हा बांधलेले! माझं डोकंच फिरलं. एकेकाला विचारलं, कोणीच हात लावला नव्हता. मग गाठी बघितल्या. विणकराचीच गाठ, पण उलटी. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, उजव्या हाताचं एक बोट मागात सापडून तुटलंय; अशी उलटी गाठ फक्त त्यांची पडते. परत ताणायला वेळ नव्हता.

सुरुंग उडाले. पडदा फुगला, खालून उचलला, हवेचा दणका जाऊ दिला आणि जागेवर आला. एक टाका उसवला नाही. शेजारच्या बोगद्यातल्या माझ्याच ताणलेल्या पडद्याच्या मात्र चिंध्या झाल्या.

वर येऊन घरी फोन लावला. मी काही सांगायच्या आत अण्णा म्हणाले, "सैल सोडल्यालं बरं असतंय रं. लई ताणलं की तुटतंयच."

कशाबद्दल म्हणताय, मी विचारलं.

"ते मला बी ठावं न्हाय. दुपारी मागाजवळ डोळा लागलता. उठलो तवा हाताला दोराचे वळ व्हते."

आता आमच्याकडे सगळे पडदे सैलच टांगतात. ही पद्धत कुठली, असं परवा एका इंजिनियरने विचारलं. माझ्या वडिलांची, म्हणालो... आणि खरं सांगतो, मान ताठ झाली. अण्णा जन्मात खाणीत उतरलेले नाहीत. तिथे ते कसे पोचले, मला आजही सांगता येत नाही. पण त्या संध्याकाळी आम्ही नऊ जण जेवायला बसलो, ते त्यांच्या हातामुळे.