जन्माआधीचं टोपडं

कालीपाला संशय यायला कारण लागत नसे. कोंबडी जरा जास्त वेळ ओरडली तरी ती आधी शेजारच्या बुबुशच्या घराकडे बघायची आणि मग कोंबडीकडे. दुधावर साय कमी धरली तर त्यात गाईचा दोष नाही, सून सकाळी पातेल्याजवळून उगाच गेली होती. पोस्टमन हसून बोलला तर त्याला काहीतरी हवं असणार, आणि न हसता गेला तर त्याने काहीतरी लपवलं असणार. कोच्कोरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात सगळे तिला ओळखून होते. तिच्या दारात येणारी बाई कुणी विचारायच्या आतच 'मी फक्त मीठ मागायला आलेय' असं सांगून टाकायची.

लोकरीच्या बाबतीत मात्र तिचा संशय कधी खोटा ठरला नव्हता. हिवाळा सरून शेळ्या लव टाकायला लागल्या की कालीपा एकेकीला गुडघ्यांत धरून लोखंडी फणीने विंचरायची. जाडे केस वेगळे, पोटाजवळची मऊ लव वेगळी. ती लव टकळीवर कातून निघालेला धागा इतका हलका असायचा की गुंडा हातात आहे की खाली पडला हे इतरांना बघून घ्यावं लागे. कालीपा नुसता उचलायची आणि तिला कळायचं, कुणाचा हात लागलाय का ते. तिच्या शालींना कोच्कोरच्या बाजारात नाव होतं आणि त्या नावावरही तिचा फारसा विश्वास नव्हता.

शेतातले बटाटे काढून झाले, रात्री पाण्यावर बर्फाची पापडी धरायला लागली, त्या सुमाराला पेटीतला पांढरा गुंडा तिला हलका लागला. तिने तो नाकाशी नेला, पुन्हा ठेवला, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. घरात माणसं दोनच. मुलगा तोक्तोबेक कोळशाचा ट्रक घेऊन घाटापलीकडे गेला की पंधरवडा-पंधरवडा फिरकत नसे. उरली सून, पेरिझात, आणि तिला सातवा महिना लागला होता.

आता सातवा महिना लागलेल्या बाईने पांढरी मऊ लव कशासाठी पळवावी, हे कळायला फार अक्कल लागत नाही. आणि नेमकं तेच त्या घरात चालणार नव्हतं. मूल जन्माला येऊन पहिला टाहो फोडत नाही तोवर त्याच्यासाठी सुईवर एक टाका चढवायचा नाही. कपडा शिवायचा नाही, पाळणा बाहेर काढायचा नाही, नाव तोंडातून काढायचं नाही. तसं गावातही हे सगळे पाळत, पण चार दिवस इकडे तिकडे झाले तर डोळेझाक करत. कालीपाकडे डोळेझाक नव्हती.

त्याचं कारण ती ज्याला त्याला सांगत आली होती. लग्न झालं तेव्हा ती जेमतेम विशीची, हात चपळ, हौस दांडगी. पहिल्या वेळी दिवस राहिले तसं तिने कानावर येणारं, हनुवटीखाली बांधायचं टोपडं विणलं आणि सगळ्यांना दाखवत सुटली. मूल चाळिसाव्या दिवसापर्यंतही पोचलं नाही. तिची सासू तेव्हा म्हणाली, 'तू बाळासाठी नाही, बाळावर टपलेल्यासाठी विणलंस.' ते वाक्य कालीपाने उराशी बाळगलं, आणि पुढे तोक्तोबेक झाला तेव्हा सात घरांतून मागून आणलेल्या चिंध्यांचं अंगडं त्याला घातलं. त्याचं नावच 'थांब, राहा' अशा अर्थाचं ठेवलं, आणि तो राहिला. उन्हाळ्यात, वरच्या कुरणावर, तंबूत जन्मला होता.

"पेरिझात, पांढऱ्या गुंड्याला उंदीर लागलेत का गं?" सकाळच्या चहाला तिने विचारलं.

"नाही, एने." सुनेने चहाची वाटी दोन्ही हातांनी पुढे केली. सासूला ती एने म्हणायची.

"मग रोडावतोय का? उपास धरलाय त्याने?"

"ह्यांच्यासाठी मोजे विणतेय. ट्रकमध्ये पाय गारठतात म्हणाले."

"पांढऱ्या लवेचे मोजे, कोळशाच्या ट्रकमध्ये." कालीपाने नानचा तुकडा मोडून लोण्यात बुडवला. "आणि काल तुझ्या सुयांवर पाहिलं मी. त्यात माझ्या मुलाचा अंगठा मावेल. फार तर शेजारचं बोट."

"नमुना विणून बघत होते. फोनवर एक नक्षी आली होती."

"माझ्या घरात बसून नक्षी फोनला विचारतेस? बरं आहे बाई. उद्या फोनलाच सांग तुझी गाय पिळायला."

पेरिझात खाली बघून हसली. ते हसणं कालीपाला मुळीच आवडलं नाही. पोरगी घाबरली असती तर बरं वाटलं असतं. घाबरलेलं माणूस चोरी टाकून देतं, हसणारं माणूस ती दुसरीकडे नेऊन ठेवतं.

आणि झालंही तसंच. त्यानंतर पेटीजवळ, गाद्यांच्या चळतीखाली, पिठाच्या डब्यात, कुठेही कालीपाने हात घातला तरी काही सापडेना. पेरिझात मात्र रोज दुपारी बुबुशकडे जायला लागली. कधी कोबी खारवायला, कधी बुबुशच्या धाकटीला अभ्यास सांगायला. जाताना हातात पिशवी, येताना हात मोकळे. कालीपा खिडकीशी उभी राहून डोळ्यांत तेल घालून बघायची. बुबुशला पाच मुलं, पाचही टणक, आणि कालीपाच्या घरी इतक्या वर्षांनी पहिला पाळणा हलायचा होता. पाच मुलांच्या आईला दुसऱ्याच्या पाळण्यात कसला एवढा रस? कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि त्या संशयाच्या खाली जे होतं ते ती कुणाला सांगत नसे. तिला रात्री झोप लागत नव्हती. हे मूलही जाईल, अशी धास्ती तिने घेतली होती.

शेवटी एका दुपारी पेरिझात घरी परत आलेली बघून कालीपाने डोक्याचा रुमाल नीट बांधला आणि ती बुबुशच्या दारात जाऊन उभी राहिली.

"या, कालीपा-एजे, या. चहा होतोच आहे." बुबुश मोठ्या बहिणीला हाक मारावी तशी तिला हाक मारायची, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. पण त्या दिवशी तिने हाक मारली आणि एकदम मागे वळून खिडकीकडे धावली. खिडकीत पांढरं काहीतरी पडलं होतं. बुबुशने ते उचललं आणि दुसरं काही सुचेना म्हणून किटलीच्या डोक्यावर चढवलं.

कालीपा गालिच्यावर बसली. तिने किटलीकडे पाहिलं.

"हे काय?"

"किटलीची टोपी. चहा गरम राहतो."

"छान आहे." कालीपाने मान डोलावली. "आणि ह्या दोन दोऱ्या?"

"त्या... बांधायला."

"किटलीला हनुवटी कधी फुटली?"

बुबुश सरळ दाराबाहेर पडून पेरिझातला बोलवायला पळाली. एवढ्या वर्षांत कालीपाने तिला काही न बोलता खोलीतून जाताना प्रथमच पाहिलं.

कालीपाने टोपडं किटलीवरून काढलं. ते कोमट झालं होतं. कडेला तिच्या स्वतःच्या शालीतली मेंढ्याच्या शिंगांची नक्षी होती. म्हणजे फोन वगैरे सगळं सोंग, पोरीने शाल समोर धरून नक्कल केली होती. माथ्यावर टाके कमी करताना दोन ठिकाणी चुकली होती. कालीपाने शेवटची गाठ दाताने तोडली आणि उसवायला घेतलं.

लवेचा धागा सरळ सुटत नाही. तो एकमेकांत गुंततो, प्रत्येक टाका नखाने सोडवावा लागतो. ती ओठ आवळून एकेक टाका सोडवत होती. तिला राग आला होता, पण धागा कुठे तुटू दिला नाही. माथा गेला, शिंगांची पहिली रांग गेली, तेवढ्यात बुबुशच्या पुढे पेरिझात दारात आली. पायांत घरच्या सपाता, रुमाल मानेवर घसरलेला, एक हात पोटाखाली.

"एने, थांबा."

"थांबू? मला त्या वेळी कुणी थांबवलं असतं तर माझा पहिला आज मला म्हातारी म्हणत हिंडला असता."

"मी कुणाला दाखवलं नाही."

"तुला वाटतं टपलेल्याला दाखवावं लागतं? तो बघतो. तुझ्या सुया वाजल्या की तो कान देतो." कालीपाने आणखी एक टाका सोडवला. "आणि तू, बुबुश. तू तर पाच वेळा पाळलंस ना सगळं? मग माझ्या सुनेच्या वेळी कुठे गेलं होतं तुझं डोकं?"

"तिला एकटीला रडू यायचं, एजे. इथे बसून विणायची तेव्हा रडायची नाही," बुबुश म्हणाली.

"रडते कशाला?"

पेरिझात भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. "सकाळी उठले आणि पोटातला हलला नसला की मला वाटतं, गेला. तुमच्याकडे बघितलं की आणखीच वाटतं, कारण तुम्ही माझ्या पोटाकडे मयताकडे बघावं तसं बघता. मग मी इथे येते. थोड्या ओळी विणल्या की लाथ मारतो. मग मी घरी येते. मी त्याच्यासाठी कुठे विणते, एने? मी भीती वाटते म्हणून विणते."

"भीती वाटते तर अर्चाच्या झाडाच्या फांद्यांची धुरी घे, वाईट नजर जाते."

"घेतली. डोळे चुरचुरले."

ही पोरगी हुशार होती, आणि हुशार माणसांच्या प्रत्येक वाक्यामागे दुसरं वाक्य असतं, असा कालीपाचा अनुभव होता. ती वाट बघत राहिली. आणि ते आलंच.

"तुम्ही नेहमी पहिल्याचं सांगता," पेरिझात म्हणाली. "ह्यांनी मला सांगितलंय, ह्यांच्या आधी दोन होते. पहिल्यासाठी तुम्ही टोपडं विणलं होतं. दुसऱ्यासाठी काय विणलं होतं?"

तोक्तोबेकला हे कुणी सांगितलं, हा कालीपाच्या मनात आलेला पहिला विचार. नवऱ्यानेच जिवंतपणी सांगितलं असेल, दारूच्या भरात. मग बुबुशने पोरीला फितवलं असेल हे विचारायला. मग पोरीच्या आईने. तिने एकेकाला उभं करून पाहिलं, कुणीच टिकेना. तिच्या मांडीवर अर्धवट उसवलेलं टोपडं आणि सुटलेला कुरळा धागा पडला होता.

"काही नाही," ती म्हणाली.

तिने टोपड्यावरून हात फिरवला.

"काही विणलं नाही त्याच्यासाठी. सासूने सुया काढून घेतल्या होत्या. पेटीत घातल्या आणि किल्ली गळ्यात अडकवली. मीही म्हटलं, बरं झालं." तिचा आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता. "आम्ही हिवाळ्याच्या गोठ्यावर होतो, सरकारी शेळ्या राखायला. रस्ता बंद. वारा असा की दार लावलं तरी दिवा विझायचा. तो झाला, चांगला रडला. ह्यांच्या सदऱ्यात गुंडाळला, वरून ह्यांचा रुई भरलेला कोट. पण कोट मोठा. घसरायचा. त्याचं डोकं उघडं राहायचं. मी हात ठेवून बसायचे. हात काढला की गार."

"तुमच्या सासूने सुया दिल्या नाहीत?" बुबुशने हळूच विचारलं.

"पहिल्याचं बघितलंस, ह्याचे चाळीस दिवस होऊ दे म्हणाली. मी मागितल्याही नाहीत. टोपलीभर लव होती माझ्या उशाशी, मीच विंचरलेली, शेळ्यांच्या पोटाखालची. टोपलीभर. तो गेला तेव्हा सासू म्हणाली, त्याचा वाटाच तेवढा होता. मी हो म्हटलं. पहिल्याला मी मारलं आणि दुसऱ्याचा वाटा तेवढा. असं धरून बसले. थंडीने गेला की कशाने, कोण सांगणार आता. पण त्याचं डोकं गार होतं."

ती रडली नाही. बुबुश रडत होती आणि नाक रुमालाला पुसत होती. पेरिझात गुडघ्यांवर सरकत जवळ आली आणि तिने सासूच्या मांडीवरचं टोपडं उचललं नाही, तसंच राहू दिलं.

"तुझं केव्हा?" कालीपाने विचारलं, जसं काही तिला माहीतच नव्हतं.

"ऐन थंडीत, एने. डॉक्टरीण म्हणाली, तेव्हाच."

कालीपाने उरलेलं टोपडं उजेडाकडे धरलं, उलटं करून पाहिलं, आणि तिचा जुना स्वभाव परत आला. "हे तू कुणाच्या मापाने विणलंस? फोनच्या? हे कानापर्यंत येणारच नाही. वारा ह्या फटीतून सरळ आत जाईल. सगळं उसवून पुन्हा घाल. सुया कुठे आहेत? आणि मला सांगू नकोस की नाहीत म्हणून."

बुबुशने गादीखालून सुया काढून दिल्या. पेरिझातने सुटलेला धागा बोटावर गुंडाळला. "किती टाके घालू?"

कालीपाने आकडा सांगितला नाही. तिने उजवा हात पुढे केला आणि बोटं आत वळवली, खालून एखादं इवलं डोकं सावरून धरल्यासारखी. ती बोटं किती वळवायची याचा तिला विचार करावा लागला नाही.

"एवढं होतं," ती म्हणाली.

पेरिझात टाके घालत गेली, आणि थोड्या थोड्या वेळाने सुई त्या हातावर टेकवून माप बघत गेली. कालीपाने हात हलवला नाही.