आधी हात लावला

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मला आनंदाच्या आधी माझे हात आठवले. सोरायसिसने दोन्ही तळहातांना भेगा पडल्या होत्या, बोटांवर खपल्या धरल्या होत्या. हा रोग संसर्गजन्य नाही, असं डॉक्टर मला पुन्हा पुन्हा सांगत. पण ते मंडईतल्या भाजीवाल्याला कोण सांगणार? तो सुटे पैसे माझ्या हातावर न देता कांद्यांच्या ढिगावर ठेवायचा. चर्चमध्ये उपासनेनंतर हात मिळवायची वेळ आली की मीच घाईने नमस्कार करायचे. ओळखीच्या बायका दोन बाकं सोडून म्हणायच्या, "तुमच्यासाठी प्रार्थना करतोय हं!" प्रार्थनेला एवढं अंतर लागतं, हे मला तेव्हाच कळलं.

हळदीला नवरीच्या गालाला पहिला हात आईचा, ही आमच्या घरातली रीत. घराणं ख्रिस्ती होऊन पिढ्या झाल्या, पण हळद काही सुटलेली नाही. मी रोज प्रभूला विनवायचे, 'तेवढ्या दिवसापुरते तरी हात बरे कर, म्हणजे मी तिला हळद लावीन.' लग्न जवळ आलं आणि हात होते तसेच राहिले. शेवटी मी जाऊबाईंना सांगून टाकलं, "पहिली हळद तुम्हीच लावा." लेक तशीच उठून आत गेली. त्या दिवशी मी प्रभूवर खरंच चिडले. शुभवर्तमानातले इतके आजारी बरे झाले, माझ्या दोन तळहातांसाठी मात्र त्याला सवड होत नव्हती.

चुडा भरायला आम्ही दोघी मंडईजवळच्या एका कासारणीकडे गेलो. लेकीचे हात भरून झाल्यावर ती माझ्याकडे वळली.

"नवरीच्या आई ना तुम्ही? द्या हात."

मी हात पदराखाली घेतले. "मला नको. हात खराब आहेत माझे. लागण होत नाही हो, पण..."

"मी विचारलं का?" ती म्हणाली. "अहो, लांबून बांगड्या भरता येत नाहीत. द्या इकडे."

तिने माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि भेगांसकट दाबून मऊ करायला लागली. तोंडाने शेजारच्या गिऱ्हाइकाशी घासाघीस चालूच होती. माझ्या हाताचं तिला काहीच वाटत नव्हतं. हातमोजे न घालता माझा तळहात कुणी शेवटचा कधी धरला होता, ते मला आठवेना, आणि मला रडू फुटलं. "दुखलं का?" तिने विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

तिथेच, त्या स्टुलावर, लहानपणापासून ऐकलेली कुष्ठरोग्याची गोष्ट मला आठवली. प्रभूला त्याला नुसत्या शब्दाने बरं करता आलं असतं. पण त्याने आधी हात पुढे करून त्याला शिवलं, मग तो शुद्ध झाला. म्हणजे तो हात लागला तेव्हा कातडी तशीच होती! एवढी वर्षं ऐकूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी उलटंच मागत होते: आधी बरं कर, मग मी माणसांत येते.

घरी येऊन मी जाऊबाईंना म्हटलं, "हळद मीच लावते." त्यांनी हळदीसाठी काढून ठेवलेली वाटी माझ्याकडे सरकवली.

हळदीच्या दिवशी माझी बोटं लेकीच्या गालाला टेकली. "आई, खरखरीत लागतंय गं," ती म्हणाली. मी दचकून हात मागे घेतला, तर तिने तो धरून पुन्हा गालावर दाबला. "असू दे. मला हाच हवा होता."

आता हात पुष्कळ सुधारलेत. डॉक्टर त्याचं श्रेय नव्या मलमाला देतात. मी वाद घालत नाही. मलम लावते आणि प्रभूचे आभार मानते. थंडीत खपल्या परत येतात, तेव्हा बरं कर म्हणून मी अजूनही मागते. फक्त सुरुवात कुठून करायची, ते आता त्याच्यावर सोडलंय. त्याने ती माझ्या भीतीपासून केली, आणि माझी लेक सासरी जाण्याआधी केली.