डॅनियलचे टायर आणि तात्यांच्या म्हशी

छापून आलेली बातमी दुसऱ्या दिवशी भेळेखाली जाते. न छापलेली मात्र डोक्यात राहते, टपरीवर चार वेळा सांगितली जाते आणि तिचा किस्सा होतो. आमच्या डेस्कच्या कृपेने माझ्याकडे असा साठा बराच आहे. माझं आयुष्य कारखान्यांच्या निवडणुका आणि जिल्हा परिषदेतली भांडणं लिहिण्यात गेलं, पण सर्वांत जास्त कात्री लागली ती माझ्या ऑटोक्रॉसच्या बातम्यांना. कात्री लावणाऱ्यांचा जाहीर निषेध करूनच सुरुवात करतो.

ऑटोक्रॉस म्हणजे काय, तर मोकळ्या रानात प्लॅस्टिकचे शंकू मांडायचे, त्यांच्यामधून एका वेळी एकच गाडी सोडायची आणि वेळ मोजायची. शंकू पाडला की दंडाचे सेकंद. आमची मंडळी हे पारनेरजवळच्या एका पडीक माळावर करतात, तेही मुद्दाम पावसाळ्यात. उन्हाळ्यात धुळीमुळे गाडीच दिसत नाही! माळ अर्धा मुरमाड, अर्धा काळ्या मातीचा. ओल्या मुरमावर बारीक नक्षीचा रस्त्यावरचा टायर छान धरतो. काळ्या मातीत त्याच नक्षीत चिखल बसतो आणि टायर लोण्याच्या गोळ्यासारखा घसरतो. तिथे मोठ्या खाचांचा टायर हवा, फिरता फिरता चिखल उडवून टाकणारा. आता टायर निवडायचा कोणता? सगळी भांडणं इथून सुरू होतात.

*

पहिल्या स्पर्धेची बातमी मी माळावरूनच फोनवर सांगायला घेतली. डेस्कवर एक नवा उपसंपादक होता.

त्याने विचारलं, कोणी जखमी? म्हटलं, नाही. गाडी उलटली का? नाही. प्रेक्षकांत घुसली? नाही.

"मग झालं काय, सर?"

"एका माणसाने पावसात योग्य टायर निवडले."

पलीकडून अगदी काळजीच्या सुरात प्रश्न आला, "सर, आपण जेवलात ना?"

*

तो योग्य टायर निवडणारा माणूस म्हणजे श्रीरामपूरचा डॅनियल साळवे. कॉलेजात गणित शिकवतो, रविवारी चर्चमधून थेट माळावर येतो. तोच नेहमी जिंकतो. त्यामुळे आमच्याकडे एक अजब रिवाज पडला. पाऊस किती झाला, माती कशी आहे, हे कोणी बघायचंच नाही. डॅनियलने कोणते टायर लावले ते बघायचं, आणि तेच लावायचे.

डॅनियलच्या हे लक्षात आलं. तो दोन्ही जोड टपावर बांधून आणायचा. आल्या आल्या, सगळ्यांना दिसेल असा जॅक लावून, चुकीचे टायर चढवायचा. मंडळी चहाच्या निमित्ताने गाडीभोवती एक चक्कर मारून यायची आणि माळभर जॅकची कुरकुर सुरू व्हायची. सगळ्यांचं आवरलं की डॅनियल शांतपणे आपले टायर बदलायचा.

मी त्याला गाठलं. म्हटलं, ही फसवणूक आहे, मी छापणार.

तो म्हणाला, "छापा ना. मी कोणाला कॉपी करायला सांगितलं? वर्गातही हेच चालतं. मी पेपर उघडा ठेवतो, उत्तर चुकीचं लिहून."

*

या सापळ्यात एकदा शैलावहिनी सापडल्या. वहिनी पारनेरच्या. नवरा सैन्यात, दूर सीमेवर. घरची लहान गाडी अंगणात उभी, आणि वहिनी रोज पहाटे पिकअपमधून दूध डेअरीला पोचवणाऱ्या. चिखलातल्या वाटा त्यांना नव्या नव्हत्या. तरी त्या दिवशी त्यांनीही डॅनियलचं बघून रस्त्यावरचे टायर ठेवले. काळ्या मातीत गाडी स्वतःभोवती गिरकी घेऊन आली त्याच दिशेला तोंड करून उभी राहिली. तीन शंकू आडवे.

नेमके त्याच दिवशी सासरे दगडूतात्या बघायला आले होते. बाभळीखाली उभे, हातात छत्री. वहिनी चिखलाने माखून समोर आल्या तेव्हा विचारलं, "ते टायर कुनी सांगितले?"

वहिनींनी खरं ते सांगितलं, की साळवे सरांचं बघून लावले.

"दुसऱ्याचं बगून पेरलं की असंच उगवतं. आता एकदा जिकून दाव. न्हाईतर गाडी इकून टाकायची आन् घोडेगावच्या बाजारातनं दोन म्हशी आनायच्या. म्हस निदान गिरकी घेत न्हाई."

तात्या बोलले म्हणजे ठरलं. फोनवर नवऱ्याने वडिलांचीच बाजू घेतली. तिकडे बर्फात बसून त्याला म्हशी जास्त पटल्या! वहिनी मला म्हणाल्या, "दूध तर मी घालतेच हो. पण माझं असं एवढंच आहे." हे त्या हसत म्हणाल्या, म्हणून मला जास्त लागलं.

*

त्या दरम्यान एका स्पर्धेचं उद्घाटन एका पुढाऱ्याच्या हस्ते ठेवलं. नाव सांगत नाही, सगळे सारखेच. साहेबांची गाडी प्रचंड, टायर रुंद आणि इतके चकचकीत की आरसा म्हणून वापरावेत. आयोजकांनी विनवलं, मुरमावरच थांबा. साहेब म्हणाले, फोर बाय फोर आहे. आणि थेट काळ्या मातीत.

चाकं जागच्या जागी फिरली, गाडी पोटावर बसली. फीत तिकडे, साहेब इकडे. शेवटी ट्रॅक्टरने दोर लावून ओढली. तात्या ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "हळू वढ, आत जिवंत मानूस हाय."

मी चार ओळी लिहिल्या आणि चक्क छापून आल्या! सकाळी साहेबांच्या पीएचा फोन. आवाज चढलेला. "तुम्ही 'अडकले' असं लिहिलंय. साहेब अडकले नव्हते. साहेब थांबले होते."

मी सांगितलं, दोरासकट खुलासा पाठवा, तोही छापू.

*

डॅनियलही फसतो, हे मला फार दिवस बघायचं होतं. एकदा त्याने नवेकोरे टायर आणले, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेले. ओल्या मुरमावर पहिल्याच वळणाला गाडी बर्फावर असल्यासारखी सरळ गेली. डॅनियल उतरून टायरकडे असा बघत होता जणू टायरनेच त्याचा विश्वासघात केला.

मग त्यानेच शोधलं. टायरच्या कडेला छोटे आकडे असतात, कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात तयार झाला ते सांगणारे. याचे टायर दुकानात पडून पडून म्हातारे झालेले. नक्षी जशीच्या तशी, रबर मात्र लाकूड. असलं रबर ओल्यात पकडच घेत नाही.

तात्या बाजूला उभे राहून ऐकत होते. त्यांनी वाकून ते आकडे बघितले, अंगठ्याचं नख रबरात रोवून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, व्यापाऱ्यानं शिंगं घासून म्हातारं जनावर गळ्यात मारलं तुमच्या. दात बगायचे पयले."

गणिताच्या प्राध्यापकाने मान खाली घालून चहा प्यायला.

*

मग वहिनींचा दिवस आला. रात्रभर पाऊस, सकाळी ऊन. वरून माळ कोरडा दिसत होता. डॅनियलने रिवाजाप्रमाणे रस्त्यावरचे टायर चढवले, मंडळींची चक्कर झाली, जॅक कुरकुरले.

वहिनी कुठे होत्या? शंकूंमधून पायी फिरत होत्या. काळ्या मातीत गेल्या तेव्हा चपलेला किलोभर चिखल घेऊन परत आल्या. चप्पल झटकली, निघेना. तशाच गाडीपाशी आल्या आणि मोठ्या खाचांचे, रुंदीला कमी असलेले टायर चढवायला लागल्या. जुनेच होते, पण रबर मऊ. अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत जातो, असं त्या मला नट आवळता आवळता सांगत होत्या. कोणीतरी टोमणा मारला, "वहिनी, नांगरट उद्या आहे."

तेवढ्यात पश्चिमेला पुन्हा ढग दाटले. आयोजक घाबरले आणि त्यांनी ठरवलं, उरकून घेऊ, प्रत्येकाची एकच फेरी. पहिला नंबर पुकारला, डॅनियल साळवे!

डॅनियलचे खरे टायर अजून टपावर होते. तो म्हणाला, पाच मिनिटं द्या. आयोजक म्हणाले, "सर, टायर तर मघाशीच बदललेत तुम्ही. सगळ्यांनी पाहिलंय."

मुरमावर तो वाऱ्यासारखा गेला. काळ्या मातीत नक्षी भरली आणि मग गाडी कुठे आणि डॅनियल कुठे. त्याच्यामागे बाकीचे सगळे, त्याच टायरवर, त्याच जागी, ओळीने घसरले. अशी शिस्त मी विधान परिषदेच्या मतदानातही पाहिली नाही.

वहिनी मुरमावर हळू गेल्या. इतक्या हळू की माझाच जीव वर आला. काळ्या मातीत मात्र गाडीने मान हलवली नाही. एकही शंकू पडला नाही. वेळ पुकारली तेव्हा सर्वांत आधी टाळ्या डॅनियलने वाजवल्या.

तात्या छत्री मिटून आले. मला वाटलं, आता म्हणतील, मास्तर फसले म्हणून तू जिकली. त्यांनी तो पहिलाच प्रश्न विचारला, "ते टायर कुनी सांगितले?"

"कुणीच न्हाई, तात्या."

तात्यांनी मान डोलावली आणि बाभळीकडे परत गेले.

*

त्यानंतरच्या बाजारी तात्या पिकअप घेऊन घोडेगावला गेले. घरात कोणाची विचारायची हिंमत नाही. मी मुद्दाम पारनेरला जाऊन बसलो. वहिनींनी चहा केला, पण स्वतः प्यायल्या नाहीत. सारखं लक्ष अंगणातल्या गाडीकडे.

दुपार उलटल्यावर पिकअप आली. मागे म्हैस नव्हती. चार टायर होते, मोठ्या खाचांचे. चारींवर गुलाल टाकलेला, आणि एकेकाला नव्या जनावराला बांधतात तसा लाल गोंडा.

वहिनी दारातच थांबल्या. तात्या उतरले, टोपी झटकली आणि पहिल्या टायरवर थाप मारून म्हणाले, "दात बगून आनलेत. पानी आन, पाय धुवायचेत त्यांचे."