आगारीचा घास

नव्या स्वयंपाकघराचा नकाशा मी ट्रॉलीवाल्याकडून सात वेळा काढून घेतला. तो कंटाळला होता, पण मी त्याला सोडलं नाही. सातव्या कागदावर सगळं माझ्या मनासारखं उतरलं. काळा ग्रॅनाइट, खाली ट्रॉल्या, वर चिमणी, विजेवर चालणारी काचेची शेगडी. जाळ कुठेच नाही. मी मुद्दाम तसंच सांगितलं होतं. आमची जुनी लोखंडी शेगडी जिथे असायची, त्या कोपऱ्यात मी कागदावर फ्रिज बसवला.

त्या शेगडीला वर्षातून एकच काम होतं, आखाजीचं. अक्षय्य तृतीयेला आमच्या खान्देशात गेलेल्या माणसाची घागर भरतात आणि आगारी टाकतात. फुललेल्या निखाऱ्यांवर त्याच्या नावाने घास ठेवायचा, वरून तूप सोडायचं. जाळ उठला की त्या माणसाने घास घेतला. नुसता धूर झाला तर घेतला नाही. धूर झाला की घरातले सगळे गप्प होतात, आणि कोणीतरी हळूच विचारतं, त्याचं काही राहून गेलं का?

यंदा घागर माझ्या सासूची होती. ती पौषात सुरतेला थोरल्या दिरांकडे वारली. तिची पहिलीच आखाजी. दिरांनी फोनवर सांगून टाकलं की इथल्या फ्लॅटमध्ये धूर झाला की घंटा वाजते, यंदा तुमच्याकडे जळगावलाच करा. मी म्हटलं, घर फोडलंय, जमणार नाही. कारागिराला आखाजीच्याच आठवड्यातली तारीख मी का दिली, हे नवऱ्याला कळलं असणार.

मला धुराची भीती होती. ते सांगायचं तर अकरा वर्षं मागे जावं लागेल.

शिरपूरजवळच्या गावी आम्ही सगळे एकत्र राहायचो. मी वेगळी झाले त्या दिवशी सासूचं मांडे करायचं खापर नाहीसं झालं. मातीची वस्तू, बाजारात कुठेही मिळते, पण तिचं ते तीस वर्षं तापलेलं होतं. टेम्पोत सामान चढत असताना ती अंगणात उभी राहिली आणि भाऊबंदांसमोर म्हणाली, "मन्हं खापर हाईच लई गयी." मी घेतलं नव्हतं. मी टेम्पोतलं सामान भर उन्हात एकेक करून खाली काढून दाखवलं. खापर निघालं नाही. तिने तरी शब्द मागे घेतला नाही.

पुढे तिच्या डोळ्याचं ऑपरेशन जळगावला झालं. डोळ्यावर हिरवं फडकं बांधून ती आठ दिवस माझ्या घरी राहिली. त्या आठ दिवसांत तिचा डबा तिच्या भाचीकडून यायचा. माझ्या घरचं पाणीसुद्धा तिने घेतलं नाही, बाटली उशाशी घेऊन झोपायची. मी गच्चीवर बिबडे-कुरडया वाळवून धंदा उभा केला. पुण्यापासून सुरतेपर्यंत लोक माझ्या हातचं मागवून खातात. एकटी ती खात नव्हती, आणि ते सगळ्या भाऊबंदांना माहीत होतं. जिवंतपणी जिने तोंड उघडलं नाही, ती मेल्यावर निखाऱ्यांवर उघडणार होती का? धूर झाला असता, आणि मी चोर ठरले असते. कायमची.

शुक्रवारी ओटा फोडला. शेगडी मी भंगारवाल्याला दिली, आणि त्याच्याशी वजनावरून भांडलेसुद्धा. कोपऱ्यातल्या भिंतीवर काजळी होती, तिच्यावर कारागिराने चुना मारला. संध्याकाळपर्यंत ती पुन्हा वर आली. त्याने दुसरा हात मारला. शनिवारी सकाळी काळा डाग होता तिथेच होता, फक्त ओला दिसत होता. कारागीर म्हणाला, जुनी काजळी अशीच असते, अक्का, तिला खरवडावं लागतं. मी म्हटलं, खरवड मग, मला काय सांगतोस.

घरात चूल नाही म्हटल्यावर दोन दिवस बाहेरच जेवायचं होतं. आखाजीच्या तोंडावर शनिवारी जळगावात आणि रविवारी धुळ्यात खाद्यमहोत्सव होते. मला असल्या ठिकाणी फिरायला आवडतं. कोण काय भावाने विकतं, कोणाची भाकरी जाड, कोणाची पातळ, हे बघत मी दिवस काढू शकते.

जळगावच्या मैदानावर मी भरीत घेतलं, सोबत कळण्याची भाकरी. पहिला घास घेतला आणि थांबले. चवच नव्हती. मीठ नाही, मिरची नाही, वांग्याचा भाजलेला वाससुद्धा नाही. ओला कापूस चावावा तसं लागत होतं. मी उठून त्या बाईला झापलं की पैसे घेता आणि मीठ घालायला विसरता. तिने चमच्याने स्वतः चाखलं. मग माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो म्हणाला, "तिखट आहे गं. चांगलंच तिखट आहे."

मी शेवभाजी घेतली. तेच. आंब्याचा रस घेतला. तेच, फक्त थंड. कुणाला काही न सांगता मी ताट पूर्ण संपवलं, पैसे दिले होते म्हणून.

रविवारी धुळ्याला निघताना मी म्हटलं, उन्हाने तोंड आलं असेल. तिथे एका मांडवात शिरपूरकडची एक बाई मांडे करत होती. मोठी चूल, वर उपडं घातलेलं खापर. पुरण भरलेला गोळा ती दोन्ही हातांवर फिरवत मोठा करत होती, पार कोपरापर्यंत, आणि खापरावर टाकायच्या आधी त्यावर एकदा हळूच फुंकर मारत होती. ती फुंकर मला नको होती. तशी मारणारी एकच बाई मी पाहिली होती.

गर्दी बरीच होती. मी पुढे सरकले तशी ती मान वर न करता म्हणाली, "तुम्हनं ताट बाजूले ठेयेल शे."

मी विचारलं, माझं कसं?

"एक डोकरी आत्तेच सांगीसन गयी. म्हने, मन्ही वहू मांगतीन येई ऱ्हायनी, तिले हाऊ मांडा द्या. पैसाबी दी गयी."

मी म्हटलं, बाई, इथे शंभर सुना आहेत. मीच कशावरून?

"तिनी बोट दखाडं ना तुम्हनाकडे. तठे दारजवळ उभी व्हती. डोयाले हिरवं फडकं बांधेल."

मोतीबिंदू काढलेल्या म्हाताऱ्या गावोगाव आहेत आणि हिरवं फडकं सगळ्यांनाच बांधतात. हे मला त्या क्षणीही सुचलं. मी दाराकडे पाहिलं. तिथे फक्त ऊन होतं आणि पाण्याचा एक जार. नवरा माझ्याकडे न बघता ताटाकडे बघत होता. मला राग आला. अकरा वर्षं माझ्या हातचं खाल्लं नाहीस, आणि आता भर बाजारात मला वाढतेस? मी म्हटलं, द्या दुसऱ्या कुणाला, मला भूक नाही. आणि मांडवाबाहेर आले. नवरा जरा उशिरा बाहेर आला. त्याच्या हातात कागदाची पुडी होती. त्यात काय आहे, ते मी विचारलं नाही. पारोळा गेल्यावर मला जाणवलं की गाडीत भाजक्या मातीचा वास येतोय.

आखाजीला सकाळी उठले तर नवरा त्या फुटक्या स्वयंपाकघरात बसला होता. चार विटा मांडून त्याने मधे गोवऱ्या पेटवल्या होत्या. पाण्याने भरलेली घागर शेजारी, वर दोन आंबे. मला न विचारता. निखारे चांगले फुलले होते. त्याने पुडी उघडली, मांड्याचा तुकडा तोडला, आईचं नाव घेतलं, घास ठेवला आणि तूप सोडलं.

धूर झाला.

त्याने दुसरा घास ठेवला. तूप जास्त सोडलं. फुललेल्या निखाऱ्यांवर तूप पडलं की जाळ व्हायलाच हवा, त्यात देव-धर्म काही नसतो. नुसता धूर झाला, आणि तो वर न जाता कोपऱ्यातल्या त्या काळ्या डागाकडे सरकत गेला.

मी दारातच उभी होते. मनात आलं, झालं. पटली खात्री.

नवऱ्याने तुपाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "हे तिने तुझ्यासाठी सांगितलेलं. दिलेलं ताट ती परत कशी घेईल?"

मी त्याला काहीतरी वाईट बोलणार होते. पण मी खाली बसले. कालचा मांडा गार आणि चिवट झाला होता. त्यातला एक तुकडा मी तोंडात घातला. आणि गूळ लागला. मग जायफळ, मग जराशी करपलेली कड. दोन दिवसांनी चव आली होती. मी सगळा संपवला. एकही कण त्याला दिला नाही.

मग मी सौद्याला बसल्यासारखी निखाऱ्यांसमोर बसले. म्हटलं, "मी तुमचं खाल्लं. खापर मी नेलं नव्हतं. आता तुम्ही ठरवा." सिमेंटच्या पोत्यामागे पिठाचा डबा होता. ताटातच ज्वारीचं पीठ मळून मी लहानशी भाकरी थापली, विटांवर पत्रा ठेवून भाजली. मीठही नव्हतं. पत्रा काढून मी पहिला घास निखाऱ्यांवर ठेवला. तुपाच्या वाटीकडे हात नेला, आणि वाटी उचलायच्या आत जाळ उठला.

नवरा रडायला लागला. मला रडू आलं नाही. मी जाळ कमी व्हायची वाट बघत होते. घास केव्हाच राख झाला होता, पण जाळ वीतभर उंच, सरळ, तसाच उभा. मी दुसरा घास टाकला. तिसरा. प्रत्येक वेळी तो जरासा वाकायचा आणि पुन्हा उभा राहायचा. अर्धी भाकरी गेली. मग पूर्ण गेली. भाऊबंदांच्या आगारीत मी आयुष्यभर बसलेय, घासाला एकदा जाळ होतो आणि विझतो. हा विझत नव्हता. मला कळलं की ती जेवायला बसली आहे, आणि तिला खूप भूक लागली आहे.

"पुरे का?" नवऱ्याने विचारलं. कुणाला विचारलं, मला कळलं नाही.

मी डब्यात हात घातला. तळाशी मूठभर पीठ होतं. त्याचीही भाकरी केली, तीही गेली. अकरा वर्षं फार असतात. मी उठले, पदर झटकला आणि शेजारणीचं दार वाजवलं. जिच्याशी मी एका नळावरून वर्षभर बोलत नव्हते, तीच. ज्वारीचं पीठ हवं होतं, म्हटलं. तिने माझ्या राखेने भरलेल्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, किती?

मी म्हटलं, असेल तेवढं सगळं दे.