मावशीच्या घरी सांत्वन समिती

माझी मावशी पडदे शिवते. खिडक्यांचे, दारांचे, दवाखान्यातल्या दोन खाटांच्या मधले. तिच्या पुढच्या खोलीत बसायचं तर आधी कापड सरकवावं लागतं आणि मग टाचण्या चाचपून बघाव्या लागतात. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचे. माइक बंद पडला तरी प्रवाशांना पत्ता लागायचा नाही, असा आवाज. लोक त्यांना भोंगा म्हणत. घरीही ते ‘वाढा’ म्हणाले की शेजारचे जेवायला बसत.

“अहो, जरा हळू,” मावशी म्हणायची. “मी फलाटावर नाही, ओट्यापाशी आहे.”

थोडी शांतता मिळावी म्हणून तिने देवाला किती वेळा विनवलं असेल! आणि मग पावसाळा सरता सरता काकांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं पार गेलं. कळत सगळं होतं. ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा, शब्द मात्र यायचा नाही. घर इतकं शांत झालं की नळ ठिबकलेला ऐकू यायचा. मावशीला रडू आलं की ती शिलाई मशीन जोरात चालवायची. त्या महिन्यात तिने शिवलेल्या पडद्यांच्या शिवणी कधी नव्हे त्या वाकड्या आल्या.

बोलायला शिकवणारी एक बाई दवाखान्यातून घरी यायची. तिने मावशीला बजावलं, “त्यांच्या तोंडातला शब्द तुम्ही पुरवू नका. वाट बघा. कितीही वेळ लागला तरी.”

वाट बघायची म्हटलं तर हंगाम योग्यच होता. आगमनकाळ लागला होता. नाताळाच्या आधीचे चार आठवडे, आठवड्याला एक मेणबत्ती, आणि चौघींची नावं ओळीने आशा, शांती, आनंद, प्रेम. आमच्या चर्चची एक सांत्वन समिती आहे. तिचे अध्यक्ष निवृत्त शाळा तपासनीस. शाळा तपासायच्या राहिल्या नाहीत, म्हणून ते आता दुःखं तपासतात. यंदा समितीने ठरवलं, की एखाद्या संकटातल्या कुटुंबाकडे चारही आठवडे जाऊन मेणबत्ती लावायची. कुटुंब सापडायला मात्र फार त्रास झाला. एका घरातला माणूस प्यायचा, म्हणजे ते दुःख त्याचं त्यानेच ओढवून घेतलेलं. दुसऱ्या घराला तीन जिने चढून जावं लागायचं. मावशीचं घर तळमजल्यावर आणि दुःख निष्कलंक. समिती तिथे आली.

पहिल्या आठवड्यात आशा होती. अध्यक्ष काकांच्या समोर बसले आणि आपल्या एका मेहुण्याची गोष्ट सांगू लागले. त्यालाही हुबेहूब असाच झटका आलेला.

“मग? आता कसे आहेत ते?” मावशीने विचारलं.

“गेले. पण शेवटपर्यंत हसतमुख होते हो, वहिनी!”

काकांनी काहीतरी म्हणायला ओठ उघडले. “पाणी हवंय,” खजिनदार म्हणाले. “नाही, उशी सरकवायचीय,” दुसऱ्या कुणाला वाटलं. काकांना पाणी पाजलं गेलं, उशीही सरकवली गेली. त्यांना काय हवं होतं ते कळलंच नाही.

दुसऱ्या आठवड्यात शांती होती. शांतीसाठी समिती दुपटीने आली, शिवाय गायकवृंदातली एक खड्या आवाजाची बाई. अध्यक्षांनी मौनाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. मौनाचे प्रकार सांगितले, मौनाचे फायदे सांगितले, आजच्या पिढीला मौन कसं जमत नाही तेही सांगितलं. मावशीने केलेला चहा निवला. बाई मधूनमधून वरचा सूर लावून बघत होत्या. काकांचा चेहरा लाल होत गेला, मान ताठ झाली, आणि एवढे दिवस कुठे दडून बसला होता कोण जाणे, तो आवाज खोलीत फुटला.

“गप!”

कप थरथरले. अध्यक्ष वाक्याच्या मध्यावर थांबले, आणि त्या घरात खरोखरीची शांती नांदली.

मावशी कापडाच्या ढिगावर मटकन बसली. “काय म्हणालात? अहो, परत म्हणा!”

“गप!” काका म्हणाले. त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटत होतं. मावशी हसायला लागली. हसता हसता रडली, आणि या खेपेला मशीन चालू करायला उठली नाही.

अध्यक्षही भानावर आले. “आमच्या प्रार्थनेचं फळ!” त्यांनी जाहीर केलं. “येत्या रविवारी यांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर साक्ष द्यायची, देवाने काय केलं ते सांगायचं.”

“साहेब, एकच शब्द येतो त्यांना. आणि तो हा. चालेल?” मावशीने विचारलं.

यावर समितीची चर्चा झाली. हा शब्द चर्चमध्ये उच्चारण्याजोगा आहे का, यावर मतं पडली. शेवटी प्रकरण फादरांकडे गेलं. ते म्हातारे आणि मिस्कील. म्हणाले, “येऊ दे त्याला. पुढच्याच बाकावर बसवा. माझंही प्रवचन आवरतं होईल.”

रविवारी आम्ही काकांना नेलं. बातमी गावभर झालेली, बाकं भरलेली. प्रास्ताविकाला अध्यक्ष उभे राहिले, आणि ते लांबलं. एकेक मान काकांकडे वळू लागली. पोरं बाकावर उभी राहिली. गायकवृंदाने श्वास रोखला. तारणाऱ्याची एवढ्या आशेने वाट बघणारा जमाव मी त्या चर्चमध्ये तोवर पाहिला नव्हता. काका मात्र तिसऱ्या आठवड्याच्या, आनंदाच्या गुलाबी मेणबत्तीकडे बघत निवांत बसून राहिले. अध्यक्षांनी सगळं बोलून घेतलं.

“म्हणाला का नाहीत?” परतताना मावशीने विचारलं. काकांनी डावा खांदा उडवला आणि डोळा मारला.

साक्ष झालीच नाही, हे समितीला लागलं. चौथ्या आठवड्यात ती आली नाही. दुसरीकडे कुणाचा तरी पाय मोडल्याचं कळलं होतं. मावशीला हायसं वाटलं. संध्याकाळी तिने एका मोठ्या रिळाच्या भोकात मेणबत्ती खोचली, मशीनच्या फळीवर ठेवली आणि शिवायला बसली. मी टाचण्या काढून देत होते. ती काकांना दिवसभराचं सांगत होती, कुठल्या गिऱ्हाइकाने माप चुकीचं दिलं वगैरे.

एकाएकी काका धडपडून पुढे झुकले. “का... का...”

काय झालं ते मला दिसत होतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर मावशीने हात वर करून मला थांबवलं. तिने मशीनवरचा पाय उचलला आणि त्यांच्याकडे बघत राहिली. घाई नाही, मदत नाही. मेणबत्ती वितळत होती. काकांचे ओठ वळत होते, निसटत होते, पुन्हा वळत होते.

“का... पड!”

मावशीने वळून बघितलं. पडद्याची कड ज्योतीला लागून काळी पडत चालली होती. तिने ती हाताने चुरगळून विझवली. बोट पोळलं, त्याकडे लक्षही नाही. “कापड!” ती म्हणाली. “अगं, ऐकलंस ना? कापड म्हणाले!” गिऱ्हाइकाचा पडदा गेला होता, आणि ती लग्नघरासारखी खूश होती.

पुढे शब्द आले, पण एकेक करून, रुसून रुसून. स्थानकावर काका परत गेले नाहीत, उजव्या हाताने पेला धरता येत नाही तो नाहीच. उन्हाळ्यात त्यांनी पहिलं पूर्ण वाक्य म्हटलं. ती मावशीच्या मशीनच्या आवाजाबद्दलची तक्रार होती. मावशीनेही तिथल्या तिथे उत्तर दिलं, चांगलं खणखणीत. दोघांचं जुंपलेलं मला गल्लीच्या तोंडाशी ऐकू आलं, म्हणून मी थोडा वेळ बाहेरच थांबले.