आडे सरांचा संशय

इंद्रजीत आडे आमच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात, मी शेजारच्या वर्गात केमिस्ट्री. वीस वर्षांत या माणसाने कशावर पटकन विश्वास ठेवलेला मी पाहिलेला नाही. दारव्ह्याच्या जीपमध्ये बसले तरी ड्रायव्हरचं मीटर खरं मानत नाहीत. किलोमीटरचे दगड आणि हातातलं घड्याळ बघून वेग स्वतः काढतात. पुस्तकामागची उत्तरंही त्यांना संशयास्पद वाटतात.

मुलांना याचा फायदाच झाला. आकृती काढा, दिलेलं काय आणि काढायचं काय ते लिहा, एककं बघा, आणि उत्तर आलं की विचारा, असं खरंच घडेल का? बंजारा तांड्यावरची कितीतरी पोरं याच सवयीवर इंजिनिअर झाली, हे मी नाकबूल करणार नाही.

यंदा यवतमाळच्या मोफत उन्हाळी शिबिरासाठी कॉलेजातून एकच नाव पाठवायचं होतं. चाचणीत बबिता पवार पहिली आली. पण तिच्या कागदावर नुसती उत्तरं.

"पायरी नाई, आकृती नाई. उतरवलं हिनं," सर मला म्हणाले. तिला स्टाफरूममध्ये बोलावून त्यांनी नवं गणित घातलं: ताशी बहात्तर किलोमीटरने चाललेली जीप एकसारखा ब्रेक दाबून चार सेकंदांत थांबली, तर तेवढ्यात किती अंतर गेली?

"चाळीस मीटर." तिने पेनही उचललं नव्हतं.

सरांनी मोबाइल मागितला. तिच्याकडे मोबाइल नव्हताच. मग त्यांनी तिचं दप्तर टेबलावर उलटं केलं. मला लाज वाटली.

"कसं काढलं?"

"बहात्तर म्हणजे सेकंदाले वीस मीटर. थांबली म्हणजे शून्य. सरासरी दहा. चार सेकंदाचे चाळीस."

"मंग पेपरात काहून नाई लिहिलं?"

"दिवाळीआधी लिहिलं होतं सर, आकृतीसकट. तुम्ही म्हणाले, हे तुले कोणी लिहून देलं? आता नाई लिहिलं तं म्हणता, उतरवलं. मंग कसं लिहू, म्हणजे तुमाले ते माह्यंच वाटन?"

सरांनी शिबिराचा फॉर्म ओढला, त्यावर तिचं नाव लिहिलं, आणि दप्तर भरायला हात पुढे केला. बबिताने दप्तर आपल्याकडे ओढून घेतलं. सगळ्या वह्या एकेक करून मोजल्या, मगच ती गेली.